चिमणीपुरती फट

दापोडी
९ फेब्रुवारी २०२५

शालन,
सप्रेम जय भीम.

मिनल म्हणाली, पप्पा, फोन करून काही उपयोग नाही. आई उचलत नाही, आणि उचलला तरी तुम्हाला ऐकू येणार नाही. काय सांगायचंय ते लिहा. म्हणून लिहायला बसलो. सवय राहिलेली नाही. शेवटचं दोन ओळींच्या वर काही लिहिलं ते कंपनी सोडतानाच्या फॉर्मवर.

घर ठीक आहे. गॅस संपला होता, आणला. मिनल रविवारी मारुंजीहून येते, भाजी करून फ्रिजमध्ये ठेवते, मी ती बुधवारपर्यंत पुरवतो. पुढचे तीन दिवस कसेही जातात.

लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या दारी, रेल्वेच्या भिंतीकडच्या बाजूला, आपल्या पाण्याच्या टाकीवर सकाळी पाखरं येऊन बसतात. तू तिथे रोज काहीतरी टाकायचीस एवढं मला माहीत होतं. मी त्यावरून ओरडायचो, टाकीवर घाण होते म्हणून. आता कुणी टाकत नाही, तरी ती येतात. चिमण्या आहेत, दोन साळुंक्या आहेत. चोची उघडतात आणि मिटतात. आवाज मला येत नाही. प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांपाशी, एकतीस वर्षं काढल्यावर आधी बारीक आवाजच जातात, असं कानाच्या डॉक्टरने सांगितलं होतं. चिमणी मी किती वर्षांत ऐकलेली नाही ते सांगता येणार नाही.

मी मूठभर तांदूळ टाकून बघितले. कावळ्याने बाकी पाखरांना हाकलून सगळे खाल्ले. तेव्हा विचार केला की टांगता येईल असं काहीतरी करावं, छपराचं, दाण्याला बाजूने वाट असलेलं. हातात काम नाही. सकाळ फार मोठी असते.

तुझ्या भावाच्या, यशवंतरावांच्या मुलीच्या लग्नात जे बोलणं झालं, त्यावर मी काही लिहावं असं मिनलला वाटतं. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि तुझा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, आई गेली त्याच्या आदल्या दिवशी मी तुमाला फोन केला व्हता की. शालीला घेऊन निघा म्हनलं व्हतं. आई निस्ती दाराकडं बघत व्हती." तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, मला असा फोन आठवत नाही, माझे कान तुम्हाला माहीत आहेत. संध्याकाळी मी गाडीत बसलो आणि तू बसली नाहीस.

आठ वर्षं झाली त्या गोष्टीला. कानाचं म्हणशील तर तेव्हाही कमीच ऐकू यायचं.

तब्येतीची काळजी घे.

खंडू


दापोडी
२ मार्च २०२५

शालन,
जय भीम.

मिनलला विचारलं, आईला पत्र मिळालं का. म्हणाली, मिळालं, वाचलं, घडी करून ट्रंकेत ठेवलं. अजून काही म्हणाली का, विचारलं. नाही म्हणाली.

डबा तयार झाला. भोसरीत आपल्या जुन्या कंपनीतला धनेश आहे ना, त्याची आता स्वतःची फॅब्रिकेशनची शेड आहे. त्याच्याकडून वीस गेजच्या पत्र्याचे तुकडे आणले. चार बाजू, उतरतं छप्पर, खाली दोन फटी, दाणे आपोआप खाली येतील असा आतून उतार. छप्पर बिजागरीवर उघडतं. कडा कानशीने घासल्या, दोन दिवस घासल्या. पाखराचा पाय कापू नये म्हणून. धनेश हसत होता, म्हणाला, "राव, चिमणीसाठी बनवताय का कंपनीच्या ऑडिटसाठी?"

शेवग्याच्या फांदीला साखळीने टांगला. आत गहू भरले.

आज आठवा दिवस. एकही पाखरू आलेलं नाही. टाकीवर बसतात, डब्याकडे बघतात आणि उडून जातात. दुपारी मी हात लावून बघितला तर पत्रा तव्यासारखा तापलेला. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. एवढी वर्षं पत्र्याचंच काम केलं.

तू त्यांना काय टाकायचीस? गहू, तांदूळ की बाजरी? भिजवून की कोरडं? किती वाजता? मी घरात असूनही मला यातलं काही सांगता येत नाही. पहिल्या शिफ्टची बस साडेपाचला यायची, तू उठून डबा द्यायचीस, त्यानंतर तू काय करायचीस ते मी कधी बघितलं नाही. निवृत्त झाल्यावर बघता आलं असतं. तेव्हा मी आठपर्यंत झोपून राहायचो.

त्या फोनबद्दल. आला असेल कदाचित. मी नाही असं म्हणत नाही. एवढ्या वर्षांनंतर कोण काय सांगणार?

खंडू


दापोडी
२३ मार्च २०२५

शालन,

पायाला लागलं आहे, म्हणून हे पलंगावर बसून लिहितो. अक्षर वाकडं येईल. मिनलने तुला सांगितलं असेल. तिने मोठं करून सांगितलं असेल तर तसं नाही. हाड मोडलेलं नाही. अंगठ्याचं नख गेलं आणि वर सूज आहे.

शेवग्याची फांदी कडकन मोडली. मी खाली उभा राहून डब्याला वरून गोणपाट बांधत होतो, तापू नये म्हणून. डबा सरळ पायावर आला. चार किलोचा डबा शेवग्याला टांगायचा नसतो हे लहान पोरालाही कळतं. झाड ठिसूळ असतं. मला पत्रा कळतो, झाडाचं कधी बघितलं नाही.

शेजारची पिंकी धावत आली. आवाज तिच्या पार्लरमध्ये गेला, बाईच्या तोंडाला काहीतरी लावलेलं तसंच टाकून आली. तिनेच रिक्षा आणली. आता दोन वेळा जेवण आणून ठेवते. नको म्हटलं तर ऐकत नाही.

काल तिला विचारलं, काकू पाखरांना काय टाकायच्या गं? ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "काका, तांदळाची कणी आणि बाजरी. मूठभरच. पण आधी नव्हत्या टाकत. आजी वारल्या, त्यानंतर टाकायला लागल्या."

मी म्हटलं, आपल्यात तर घास ठेवायची रीत नाही, आणि तुझी काकू असलं काही मानत नाही.

"रीत म्हणून नाही हो. काकू रोज सकाळी साडेसातला माझ्या फोनवरून आजींशी बोलायच्या ना. पाचच मिनिटं. कामाला निघायच्या आधी. आजी गेल्यावर ती पाच मिनिटं मोकळी पडली. मी एकदा विचारलं, काकू, इथे कशाला उभ्या राहता? तर म्हणाल्या, या वेळेला हातात काहीतरी लागतं."

शालन, तू रोज आईशी बोलायचीस हे मला माहीत नव्हतं. लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती.

पिंकी गेल्यावर मी जेवलो नाही. ताट झाकून ठेवलं.

फोन आला होता. मी उचलला होता. ऐकूही आला होता. तेव्हा माझे कान एवढे गेलेले नव्हते, समोरासमोर किंवा फोनवर मला नीट कळायचं. यशवंतराव म्हणाले, "आईचं काई खरं न्हाई. शालीला घेऊन लगोलग निघा." मी म्हणालो, बघतो.

पण दुसऱ्या दिवशी मिनलचा बारावीचा फिजिक्सचा पेपर होता. वर्षभर पोरगी घासत होती. तू निघाली असतीस तर तिच्या डोक्यात काय राहिलं असतं? मी तिचा विचार केला. एवढंच.

हे आधी सांगायला पाहिजे होतं, मान्य आहे.

खंडू


दापोडी
२० एप्रिल २०२५

शालन,
जय भीम.

पाय बरा आहे. चप्पल घालता येते.

चौदा एप्रिलला मिनल आली होती. विहारात गेलो, वंदना झाली, खीर वाटली. बायका विचारत होत्या, शालनताई कुठे? मी म्हणालो, माहेरी आहे. कुणी पुढे विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

मी लिहिलेलं पत्र तू मिनलला वाचून दाखवलंस म्हणे. फोनवर. मग घरी आल्यावर तिने मला विचारलं. माझ्या समोर खुर्ची ओढून बसली, मला ओठ दिसतील अशी, कारण तिला माहीत आहे.

"पप्पा, माझ्या पेपरमुळे तुम्ही आईला आजीकडे जाऊ दिलं नाही?"

मी म्हणालो, हो.

"म्हणजे ते माझ्यामुळे झालं."

मी म्हणालो, तसं नाही.

"मग कसं?"

ती उठली, भांडी घासली, चार डबे भरून फ्रिजमध्ये ठेवले आणि गेली. आज रविवार, आलेली नाही.

तोवर मी दुसरं एक करून बघत होतो. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनला चार खिडक्या कापल्या, वरून तार ओवली आणि कपडे वाळत घालायच्या अँगलला टांगला. हलका होता, तापलाही नाही. तिसऱ्या दिवशी कबुतरं आली. आधी दोन, मग वीस, मग मोजायचं सोडून दिलं. चिमण्या भिंतीवर बसून बघत राहिल्या. कबुतरांनी पिंकीच्या गच्चीवरचे टॉवेल, आपली टाकी, सगळं घाणीने भरून टाकलं. पिंकीने टॉवेल दुसरीकडे वाळत घातले. मी कॅन काढून टाकला आणि बादली घेऊन टाकी घासत बसलो. घासता घासता दमलो आणि तिथेच खाली बसलो. दुपारपर्यंत उठलो नाही.

मिनलला मी खोटं सांगितलं, आणि तुलाही. पेपरचं मी नंतर शोधून काढलं. त्या दिवशी पेपर माझ्या डोक्यातही नव्हता.

खरं असं आहे. त्या आठवड्यात प्रेसला नवीन डाय, म्हणजे साचा, लागली होती. सलग चार दिवस पहिली शिफ्ट करून वर ओव्हरटाइम. त्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर सुटलो. चार वाजता घरी आलो, पाय धुतले, आडवा झालो आणि साडेचारला फोन वाजला. त्याच्या आधी दोनदा आपण तुझ्या आईसाठी धावत गेलो होतो, आठवतं? दिवाळीत एकदा आणि जानेवारीत एकदा. दोन्ही वेळा आपण पोचलो तर गिरजाबाई उठून बसलेल्या. मला वाटलं, हे तिसऱ्यांदा. पुन्हा एसटी, पुन्हा करमाळ्याच्या स्टँडवर उभं राहायचं, पुन्हा परत, पुन्हा शिफ्ट. माझ्या अंगात ते नव्हतं. मी म्हणालो, बघतो. आणि फोन बंद करून ठेवला. पुन्हा वाजू नये म्हणून.

तू सातला कँटीनच्या कामावरून आलीस. मला पडलेला बघून म्हणालीस, अंग दुखतंय का? पिठलं-भाकरी केलीस. जेवणानंतर माझ्या पायाला तेल चोळलंस. तू स्वतः दिवसभर उभी होतीस. तेव्हा सांगता आलं असतं. मी डोळे मिटून घेतले.

सकाळी फोन चालू केला आणि लगेच वाजला. पुढचं तुला माहीत आहे.

तू एसटीत विचारलंस, काल काही निरोप आला होता का? मी नाही म्हणालो. त्यानंतर यशवंतराव तुझ्याशी तुटक वागायला लागले, आठ वर्षं त्यांनी तुला साडी-चोळीला बोलावलं नाही, आणि तू म्हणायचीस, दादाला काय झालंय कळत नाही. मला कळत होतं. ते समजत होते की निरोप मिळूनही तू आली नाहीस. मी ते तसंच राहू दिलं. दरवर्षी वाटायचं, आता सांगितलं तर जास्तच वाईट होईल. दरवर्षी ते खरंही होत गेलं.

मिनलला आज हेच सगळं फोनवर लिहून पाठवलं आहे. तिने बघितल्याची खूण आली. उत्तर आलेलं नाही.

खंडू


दापोडी
४ मे २०२५

यशवंतराव यांस,
सप्रेम जय भीम.

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलेलं नाही. शालन आणि मिनल दोघींचंही म्हणणं पडलं की मी शालनला सांगून भागणार नाही, तुम्हाला सांगायला हवं. शालनने मिनलच्या तोंडून निरोप दिला, "माझ्या दादाला त्यांनी स्वतः सांगावं. मी त्यांची वकिली करणार नाही."

सोळा मार्च दोन हजार सतराला दुपारी साडेचार वाजता तुम्ही मला फोन केला. तो मी घेतला. तुम्ही जे बोललात ते मला पूर्ण ऐकू आलं. मी ते शालनला सांगितलं नाही. फोन बंद केला. मी थकलेलो होतो आणि मला प्रवास करायचा नव्हता. दुसरं काही कारण नव्हतं.

शालनला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काहीच माहीत नव्हतं. तिने एसटीत मला विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. गेल्या आठ वर्षांत तुम्ही तिच्यावर जो राग धरला तो माझ्या नावचा होता.

लग्नाच्या मांडवात कानाचं कारण सांगितलं तेही खोटं.

तुमच्या आई मला कधी जावई म्हणून उणं बोलल्या नाहीत. मी त्यांच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या मुलीला त्यांच्यापासून अडवलं. याची माफी कुणाकडे मागायची ते मला कळत नाही, कारण त्या नाहीत. तुमच्याकडे मागतो.

हे पत्र तुम्ही घरात कुणालाही वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.

आपला,
खंडू


दापोडी
८ जून २०२५

शालन,
जय भीम.

तुझ्या भावाकडून उत्तर नाही. महिना झाला. यायलाच पाहिजे असंही नाही.

मिनल यायला लागली आहे. पहिल्या दिवशी आली तेव्हा दारातच म्हणाली, "मी अजून रागावलेली आहे, पण तुम्ही नुसता ब्रेड खाताय असं पिंकीताई म्हणाली." मग बसली. तिने मला विचारलं, आजी कशी होती? मी आठवून आठवून सांगितलं. तिला माझ्यापेक्षा बरंच जास्त माहीत होतं.

पाखरांचं एकदाचं जमलं. जमवलं पिंकीने, खरं तर. ती म्हणाली, "काका, कबुतर मोठं, चिमणी छोटी. चिमणीच जाईल एवढी फट ठेवा ना." मी एवढी वर्षं फटींचंच काम केलं, पंच आणि डायच्या मधली, केसाएवढी. आणि हे मला सुचलं नाही.

धनेशकडे जुना टेबल फॅन पडला होता. त्याच्या जाळीचे दोन्ही भाग आणले. दोन्ही जोडले की गोल पिंजरा होतो. मधल्या तारा एकाआड एक कापल्या, उरलेल्या थोड्या वाकवल्या आणि व्हर्निअरने मोजून फट अडतीस मिलिमीटरवर आणली. आधी बत्तीस ठेवली होती, त्यात चिमणी अर्धी घुसून मागे फिरली, म्हणून वाढवली. आत स्टीलची जुनी ताटली, तिला खालून भोकं, कारण यंदा मेमध्येच पाऊस झाला आणि दाणे कुजले. वर प्लॅस्टिकचं झाकण. सगळं मिळून अर्धा किलोही नाही. अँगलला टांगलं आहे, झाडाला नाही.

कणी आणि बाजरी टाकतो. साडेसातला. मूठभरच.

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी एक चिमणी बाहेरून तारेला लटकली, आत बघितलं, उडाली. मग परत आली आणि आत गेली. आता सात-आठ येतात. कबुतरं वरून फेऱ्या मारतात आणि कंटाळून जातात. साळुंकीला मात्र आत जाता येत नाही, तिच्यासाठी टाकीवर पोळीचा तुकडा ठेवतो. टाकी रोज घासतो.

मला वाटलं होतं, हे जमलं की बरं वाटेल. वाटलं थोडं. दहा मिनिटं. मग आत येऊन चहा केला आणि दोन कपांचं पाणी ठेवलं गेलं. ते रोज होतं.

तुला ये म्हणून मी हे लिहीत नाही. आधीच्या पत्रांतही तेच करत होतो हे आता वाचल्यावर कळतं, मिनलने तिच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवले होते ते मी बघितले. पाखरांचं लिहायचं, पायाचं लिहायचं, म्हणजे तुला दया यावी. फोनचं शेवटी दोन ओळींत. दरवेळी थोडं थोडं खरं. असं कुणी कबूल करतं का?

तू तिथे राहा. तुझ्या भावासोबत तुझी आठ वर्षं राहिली आहेत. ती मी परत देऊ शकत नाही, निदान आता मध्ये येणार नाही.

खंडू


ता. करमाळा
२२ जून

मिनलचे पप्पा यांस,
शालनचा जय भीम.

मला लिहायची सवय नाही. सातवीनंतर वही हातात घेतली ती किराण्याच्या यादीपुरती. चुकलं तर समजून घ्या.

तुमची सगळी पत्रं वाचली. पहिली दोन वाचून चुलीत घालावी वाटली. घातली नाहीत.

दादाला तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी त्याने अंगणात बसून दोनदा वाचलं. मग शेतात निघून गेला. दोन दिवस तिथंच. वहिनी घाबरली. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते तर चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "शाले, मी तुला आठ वर्सं इचारलंच न्हाई गं." मी म्हणाले, दादा, मी तरी कुठं विचारलं? मग तो रडला. मी त्याला आईच्या वेळीही रडताना बघितलं नव्हतं. रडून झाल्यावर म्हणाला, "दाजींचं अक्षर मातर चांगलं हाय."

हे लिहिलं पाहिजे म्हणून लिहिते. आठ वर्षांत मी एकदा जरी दादाला फोन लावून विचारलं असतं, का रे बोलत नाहीस, तर सगळं तेव्हाच निघालं असतं. मला वाटायचं, तो बोलत नाही तर मी का बोलू? कामावरून यायचं, स्वयंपाक, मिनलचं कॉलेज. मला पण कंटाळा यायचा हो. तुमच्यासारखाच. म्हणून मला तुमचं ते दमल्याचं कळतं. ते कळतं याचाच मला जास्त राग येतो. तुम्ही मला बसवून म्हणाला असतात, शालन, माझ्यात ताकद नाही, तू एकटी जा, तर मी एकटी गेले असते. मला एसटीत बसता येतं.

आई दुपारपासून शुद्धीत नव्हती असं दादा आता सांगतो. लग्नात म्हणाला ती दाराकडं बघत होती, ते रागात म्हणाला. मी गेले असते तरी तिला कळलं नसतं कदाचित. पण मला कळलं असतं.

पाखरांचं. बाजरी उन्हाळ्यात ठीक, आता पावसाची भिजली की आंबते, कमी टाका. कणी कोरडी करून टाका. साळुंकीला पोळी चालते, तिखट लागलेली नको. फॅनच्या जाळीचा फोटो मिनलने दाखवला. दादा म्हणाला, आपल्याकडं पण एक कर म्हणावं.

आता कामाचं. दादाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. इथल्या डॉक्टरने पुण्याकडं न्या सांगितलं. मिनलने पिंपरीतल्या दवाखान्यात दोन जुलैची तारीख घेतली आहे. दादाला म्हटलं, मिनलच्या खोलीवर राहू. तर तो म्हणाला, न्हाई, दाजींच्या घरी राहायचं, न्हाईतर मी डोळा करत न्हाई.

तर मी दादाबरोबर येईन. त्याच्या डोळ्यात आठ दिवस औषध घालायचं आहे, ते वहिनीला जमणार नाही. आठ दिवसांनी पट्टीचं काम संपलं की काय करायचं ते मी तेव्हा बघीन. आले म्हणजे आले असं धरू नका. मिनललाही तसं सांगू नका, ती लगेच खूश होते.

एक जुलैला दुपारी तीनला आमची गाडी वल्लभनगरच्या स्टँडवर येईल. तुम्ही या. पिंकीला पाठवू नका, मिनलला पाठवू नका, तुम्ही स्वतः या. दादाला नीट दिसत नाही, तुम्हाला नीट ऐकू येत नाही. जवळ जाऊन बोला. जे पत्रात लिहिलं ते त्याला तोंडानं सांगा, सगळं, स्टँडवरच, घरी गेल्यावर नाही. मी बाजूला उभी राहीन.

आधी त्याच्याशी बोला. मग माझ्या हातातली पिशवी घ्या.

शालन